ड्रेसरची टोस्ट-रॅक, सूपचं भांडं आणि एल्किंग्टनचे काटे-चमचे: मुलाम्याखाली काय आहे ते बघून घ्या

एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश डिझायनर ख्रिस्तोफर ड्रेसर याची चांदीचा मुलामा दिलेली टोस्ट-रॅक, म्हणजे टोस्टचे काप उभे ठेवायची चौकट, पारखायची तर ती उलटी धरावी. वरून ती म्हणजे तारांची साधी मांडणी. खालून मात्र कारखाना दिसतो: पट्टीतून आरपार गेलेल्या सळ्या, त्यांची ठोकून बसवलेली टोकं, आणि काही नमुन्यांत तीच टोकं पुढे वाढून झालेले पाय. सांधा झाकायला लावलेलं पान नाही, शिंपला नाही. किटलीच्या झाकणावर कळी किंवा फळ बसवणं हा ज्या काळचा शिरस्ता होता, त्या काळात बर्मिंगहॅमच्या ह्यूकिन अँड हीथ या कारखान्याने या वस्तू विकायला ठेवल्या याचंच आश्चर्य वाटतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. रोज वापरायला काही हवं असेल तर बर्मिंगहॅमच्याच एल्किंग्टन कंपनीचे किंवा त्याच तोडीचे, निकेल सिल्व्हर या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा दिलेले काटे-चमचे घ्या. ड्रेसरची एकच वस्तू परवडत असेल तर टोस्ट-रॅक घ्या. वाइनचा काचेचा जग सांधा तपासल्याशिवाय घेऊ नका. सूपचं भांडं म्हणजे ट्युरीन ही या सगळ्यांत उत्तम वस्तू, पण ती वापरण्यापेक्षा संग्रहालयात बघितलेली बरी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक आहे. हे सगळं कशावरून म्हणतो ते कळायला मुलाम्याची गोष्ट थोडी समजून घ्यावी लागेल.

आपल्याकडे कल्हई सगळ्यांना माहीत आहे: भांडं तापवायचं, नवसागर मारायचा, कथील फिरवायचं. चांदीच्या मुलाम्याची जुनी इंग्रजी रीत याच्या बरोबर उलट होती. शेफिल्डच्या थॉमस बोल्सोव्हरला १७४३ च्या सुमारास जमलेल्या पद्धतीत तांब्याच्या जाड विटेवर चांदीचा पत्रा ठेवून दोन्ही एकजीव करत, मग ती वीट लाटून पत्रा काढत आणि त्या पत्र्यापासून भांडं घडवत. चांदी आधी, घडण नंतर. त्यामुळे पत्रा जिथे कापला तिथे काठावर तांब्याची लाल रेघ उघडी पडायची आणि ती झाकायला चांदीची तार किंवा नक्षीची पट्टी लावावी लागायची. म्हणजे काठावरची बरीचशी नक्षी हौसेची नव्हती, ती लाज झाकत होती.

१८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज रिचर्ड्स एल्किंग्टन आणि हेन्री एल्किंग्टन या चुलतभावांनी विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि हा क्रम फिरला. पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात चांदी नीट बसते हे जॉन राइट नावाच्या तिथल्याच एका सर्जनने शोधून काढलं होतं. आता भांडं स्वस्त धातूत आधी पूर्ण घडवायचं, सांधे डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, पक्के करायचे आणि मग अख्खंच्या अख्खं हौदात बुडवायचं. चांदीचा पत्रा एका टोकाला, भांडं दुसऱ्या टोकाला, मध्ये वीज. सुरुवातीला बॅटऱ्या होत्या. १८४४ मध्ये वुलरिचने बनवलेलं वीजनिर्मितीचं यंत्र एल्किंग्टनच्या कामाला लागलं, आणि ते आज बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात उभं आहे. लाकडी चौकटीतलं ते धूड बघितलं की जेवणाच्या टेबलावरचा चमचा हा वीज कारखान्यात शिरल्याचा किती जुना पुरावा आहे ते कळतं.

काठावरची लाल रेघ गेली म्हणजे ती झाकणारी नक्षीही जायला हरकत नव्हती. पण झालं भलतंच. साचा एकदा केला की हवी तेवढी वेलबुट्टी फुकटात निघू लागली आणि १८५१ च्या लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात तिचा अक्षरशः पूर आला. विंबल्डनच्या महिला विजेतीला मिळणारी ती तबकडी आठवा. ती एल्किंग्टननेच १८६४ मध्ये केली. चांदीची आहे, सोन्याचा थोडा मुलामा आहे, आणि पृष्ठभागावर बोटभर जागासुद्धा मोकळी नाही. ताटली म्हणून ती निरुपयोगी आहे, बक्षीस म्हणून शोभते.

ड्रेसर १८३४ मध्ये ग्लासगोत जन्मला. लंडनच्या सरकारी डिझाइन शाळेत शिकला, वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक झाला, जेना विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. पानाची रचना समजली की पान जसंच्या तसं चिकटवण्याची गरज उरत नाही, हे त्याला त्या अभ्यासातून उमगलं असावं. १८७६ च्या अखेरीस तो जपानला पोचला आणि चारेक महिने तिथल्या कारागिरांचं काम बघत हिंडला. परतल्यावर ह्यूकिन अँड हीथ, मग शेफिल्डचे जेम्स डिक्सन अँड सन्स आणि एल्किंग्टन या तिघांसाठीही त्याने मुलाम्याच्या वस्तू काढल्या. स्वतः तो सोनार नव्हता. कागदावर आकृती काढून कारखान्याला विकायची, हा त्याचा धंदा. आज ज्याला आपण इंडस्ट्रियल डिझायनर म्हणतो तो पेशा या माणसापासून मोजायला सुरुवात केली तर चूक होणार नाही.

आता एकेक वस्तू.

टोस्ट-रॅक. हिचं काम टोस्ट गरम ठेवणं नाही, उलट त्यातली वाफ जाऊ देणं हे आहे, म्हणजे काप ओलसर होऊन एकमेकांना चिकटत नाहीत. गरम टोस्टवर लोणी वितळलेलं आवडणाऱ्यांना ही वस्तू कायम शत्रुपक्षाची वाटणार. कापांमधलं अंतर इंग्रजी पातळ टोस्टच्या हिशेबाचं असतं. आपल्या बेकरीचा जाड ब्रेड दाबून बसवू नका, सळ्या फाकतात. तार एकदा फाकली की खालचा रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेलं टोक, सैल होतो, आणि सैल रिव्हेटच्या भोकात पाणी शिरून हिरवट कळंक येतो. विकत घेताना प्रत्येक सळी चिमटीत धरून हलकेच हलवा. एकही डुलता कामा नये. मग सपाट काचेवर ठेवून चारही पाय टेकतात का ते बघा. एखादा पाय अधांतरी असेल तर रॅक कधीतरी पडलेली आहे आणि पट्टी पिळवटली आहे. ती सरळ करायला गेलं की मुलाम्याला तडे जातात. धुवायला सोपी, सुकवायला अवघड: कोपऱ्यात पाणी साठतं म्हणून कापडाने पुसून उलटी ठेवावी. पत्रं आणि बिलं ठेवायलाही ही फार छान, आणि अशाच घडणीच्या लेटर-रॅक त्या काळीही विकल्या जात.

इटलीच्या अलेसी कंपनीने १९९१ मध्ये ड्रेसरच्या काही वस्तू पुन्हा काढल्या. तारांचा हा विचार स्टेनलेस स्टीलमध्येही टिकतो. पुसायची कटकट नको असेल तर ती घ्यायला हरकत नाही, फक्त ती जुनी म्हणून कुणी गळ्यात मारत नाही ना ते बघा. स्टीलची झाक निळसर थंड असते, चांदीची दुधाळ.

सूपचं भांडं. अर्धगोलाच्या जवळ जाणारा वाडगा, त्याला तीन सरळ पाय, दोन बाजूंना आणि झाकणावर आबनुसाच्या, म्हणजे एबनी या काळ्या लाकडाच्या, आडव्या मुठी. तीन पाय का? तीन टोकं कुठल्याही पृष्ठभागावर टेकतातच, चार पायांचं भांडं लाकडी टेबलावर डुगडुगतं. मुठी आबनुसाच्या का? पातळ पत्र्यातलं उकळतं सूप भरलेलं भांडं धातूच्या कानाने उचलता येत नाही, आणि लाकडातून उष्णता हळू जाते. मूठ आडवी असल्यामुळे चारही बोटं खाली जातात आणि अंगठा वर राहतो. नक्षीदार कानात हे कधी नीट साधत नाही, बोटाला पान टोचतं. ओतण्याच्या भांड्यांबद्दल ड्रेसरने १८७३ च्या आपल्या पुस्तकात मूठ, तोटी आणि भांड्याचा गुरुत्वमध्य यांचं नातं आकृत्या काढून समजावलं आहे. भरलेली किटली उचलताना मनगट का पिळवटतं याचं उत्तर त्या आकृत्यांत मिळतं: मूठ वजनापासून लांब गेली की हात तरफेचं काम करू लागतो.

दोष? पाय जिथे वाडग्याला मिळतात तो सांधा. आतल्या सूपचं सगळं वजन तीन छोट्या डागांवर येतं. भरलेलं भांडं टेबलावर सरकवलं की डागावर आडवा ताण येतो आणि तिथे केसासारखी रेघ उमटते. उचलून ठेवायचं, ओढायचं नाही. जुन्या तुकड्यांत दुरुस्तीवाल्याने शिशाचा डाग घातलेला आढळतो. तो करडा, फुगीर, पुसलेल्या मेणासारखा दिसतो. असा तुकडा निम्म्या किमतीलाही महाग.

आबनूस पाण्यात भिजवलं की फुगतं, वाळलं की आकसतं आणि मग पिनेपाशी चिरतं. मूळ मूठ बदलून काळा रंग दिलेलं दुसरं लाकूड किंवा चक्क प्लास्टिक बसवलेलं असतं. भिंगातून टोक बघा: आबनुसाचे धागे अतिशय बारीक आणि आतपर्यंत काळे असतात, रंगवलेल्या लाकडाच्या ओरखड्यात तपकिरी दिसतं.

काचेचा जग. मुलाम्याची मान, उभी सरळ मूठ, खाली काच. दिसायला अप्रतिम, ओतायला चांगला, पण काच आणि धातू जोडणारं पांढरं लुकण शंभर-दीडशे वर्षांनी भुसभुशीत होतं. जग भरलेला असताना मुठीने उचलला आणि काच तशीच टेबलावर राहिली, हा प्रसंग या वस्तूच्या नशिबात लिहिलेलाच आहे. मान धरून काच अलगद फिरवून बघा. सुतभर जरी फिरली तरी जोड गेलेला आहे. गरम पाण्याने धुतला तर तो हमखास जाणार. कोमट पाणी, बाटलीचा ब्रश, बस.

डिक्सनसाठी ड्रेसरने काढलेल्या मधोमध चौकोनी भोक असलेल्या किटल्या आज डिझाइनच्या प्रत्येक पुस्तकात दिसतात. त्यांच्याबद्दल आमचं मत जरा वेगळं आहे: फोटो काढायला एक नंबर, पण कारखान्याच्या दृष्टीने अडाणी. गोल भांडं यंत्रावर फिरवून काही मिनिटांत निघतं आणि त्याची गोलाईच त्याला ताकद देते. इथे मात्र सपाट पत्रे कापून, दुमडून, प्रत्येक कड हाताने डाग देऊन जोडावी लागते, आणि सपाट पत्र्यावर पडलेला नखाएवढा पोचाही आरशावरच्या ओरखड्यासारखा उठून दिसतो. साधेपणा दिसायला वेगळा आणि बनवायला वेगळा, हे त्या किटलीकडून शिकावं.

एल्किंग्टनचे काटे-चमचे मात्र निव्वळ कामाची वस्तू. खालचा धातू निकेल सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नावात सिल्व्हर असलं तरी चांदीचा कणही नाही. जर्मन सिल्व्हर ते हेच. आपल्या घरात 'जर्मनचं पातेलं' म्हणजे ॲल्युमिनियम, त्याच्याशी याचा काही संबंध नाही, आणि या एका शब्दाने जुन्या बाजारात बरेच घोटाळे होतात. निकेल सिल्व्हर कडक असतं, वाकत नाही, आणि मुलामा झिजला तरी खालून पिवळसर पांढरा रंग दिसतो, डोळ्यात भरत नाही. चमचा झिजतो तो पाठीवर, जिथे तो टेबलावर टेकतो. तिथे नखाएवढा पिवळसर डाग असेल आणि बाकी चमचा ठीक असेल तर बिनधास्त घ्या.

चांदी किती असते? हिशेब सोपा आहे. दहा सेंटिमीटर लांब-रुंद जागेवर एक मायक्रॉन जाडीचा थर म्हणजे साधारण ०.१०५ ग्रॅम. सहा चौरस डेसिमीटर पृष्ठभागाच्या किटलीवर २० मायक्रॉनचा भरघोस मुलामा दिला तरी १२.६ ग्रॅम चांदी झाली, आणि ती बसवायला तीन अँपिअर-तासांहून थोडी जास्त वीज लागली. त्यामुळे 'चांदीच्या वजनाच्या भावात' मुलाम्याची वस्तू विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

ओळख पटवायची तर झिजलेल्या जागेचा रंग बघा. लाल दिसला तर तांबं: जुनं शेफिल्ड किंवा तांब्यावरचा मुलामा. पिवळाजर्द दिसला तर पितळ, आणि मग मुरादाबादची नवी वस्तू व्हिक्टोरियन म्हणून समोर आली असण्याची शक्यता जास्त. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर अशा गोंडस जुन्या किटल्या भरपूर. निळसर करडा, शिशासारखा मंद दिसला तर ब्रिटानिया मेटल, म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त कथील, बाकी अँटिमनी आणि थोडं तांबं. टिचकी मारली की निकेल सिल्व्हर घंटेसारखं वाजतं, ब्रिटानिया ठप्प करतं. ब्रिटानियाची किटली गॅसवर ठेवली तर सुमारे २५० अंशांना पाघळते, मग रडून उपयोग नाही.

शिक्के वाचायला शिकणं सोपं आहे. ईपीएनएस म्हणजे निकेल सिल्व्हरवर मुलामा, ईपीबीएम म्हणजे ब्रिटानियावर. ही अक्षरं वेगवेगळ्या छोट्या ढालींत कोरून चांदीच्या हॉलमार्कसारखी दिसतील अशी मांडलेली असतात. फसू नका, इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालता सिंह असतो. एल्किंग्टनने १८४१ ते १८४८ या वर्षांसाठी १ ते ८ हे आकडे वापरले, पुढे अक्षरं आली. डिक्सनचा शिक्का तुतारीचा, तिला निशाण लटकलेलं.

डिझाइनच्या नोंदणीचा शिक्का १८४२ ते १८८३ पर्यंत शंकरपाळ्याच्या आकाराचा होता. वर गोलात रोमन एक असेल तर वस्तू धातूच्या वर्गातली. १८६८ नंतरच्या शंकरपाळ्यात वर्षाचं अक्षर उजव्या कोपऱ्यात असतं: डी म्हणजे १८७८, वाय म्हणजे १८७९, जे म्हणजे १८८०, ई म्हणजे १८८१. १८८४ पासून नुसता क्रमांक आला. हे वर्ष आकृती नोंदवल्याचं आहे, तुमची वस्तू घडवल्याचं नाही; तोच साचा पुढेही चालायचा. ह्यूकिन अँड हीथच्या काही वस्तूंवर डॉ. ड्रेसर यांनी डिझाइन केल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल तर विक्रेत्याच्या तोंडच्या नावाला किंमत देऊ नका: त्या काळात टोकदार, बिननक्षीच्या वस्तू इतरांनीही केल्या, आणि आज त्या सगळ्या 'ड्रेसरच्या' झाल्या आहेत.

आता निगा, कारण या वस्तू वापराने जेवढ्या जातात त्याहून जास्त घासण्याने जातात. काळपटपणा म्हणजे हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकाशी झालेली चांदीची सोयरीक. दिवाळीत देवाची भांडी घासायची रांगोळी, दंतमंजन, राख, पितळ घासायची पावडर, यांतलं काहीही मुलाम्याला लावू नये. घन चांदीला हे एकवेळ चालतं, मुलाम्यातून दरवर्षी थोडा थोडा खालचा धातू दिसायला लागतो. त्याऐवजी पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल पसरा, एक लिटर जवळजवळ उकळतं पाणी, एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि चमचे फॉइलला टेकतील असे दोन-तीन मिनिटं ठेवा. काळपट थरातली चांदी परत चांदी होऊन जागेवर राहते, गंधक ॲल्युमिनियमकडे जातं. सडलेल्या अंड्यासारखा वास आला की समजावं काम चालू आहे. नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. आबनुसाच्या मुठी, काचेचे जग, ब्रिटानिया आणि राळ भरलेल्या पोकळ मुठींच्या सुऱ्या यांना मात्र हा उपाय वर्ज्य. सुरी गरम पाण्यात बुडवली की आतली राळ मऊ होते आणि पातं मुठीतून निसटतं. त्यांना मऊ कापड आणि चांदीसाठीचं सौम्य क्रीम, तेही फक्त काळवंडलेल्या जागी.

अंड्याच्या चमच्याच्या खोलगट भागाला सोन्याचा मुलामा असतो तो बलकातल्या गंधकासाठी; मीठदाणीत निळ्या काचेची वाटी असते ती मिठासाठी. मीठ चांदीच्या बारीक छिद्रांतून खाली जातं आणि हिरवे ठिपके पाडतं. त्याच न्यायाने चिंच, कोकम, लोणचं या भांड्यांत रात्रभर ठेवू नये.

पुन्हा मुलामा द्यायचा का? रोजच्या काट्या-चमच्यांना जरूर द्या, पण काम सांगताना मायक्रॉनमध्ये सांगा: २० ते २५. 'चांगला मुलामा' एवढंच सांगितलं की एक-दोन मायक्रॉनचा चकचकीत थर येतो आणि वर्षभरात उडतो. चकाकी आणण्यासाठी बफिंगचं चाक फिरतं तेव्हा शिक्का, कडेची धार आणि बारीक रेषा आधी जातात, म्हणून शिक्क्याची जागा वगळायला लेखी सांगा. जुन्या शिशाच्या डागावर चांदी धड धरत नाही, तिथे काळे ठिपके फुटतात. ते डाग आधी काढायला हवेत. टोस्ट-रॅकच्या रिव्हेटमध्ये हौदाचं द्रावण अडकून महिन्याभराने पांढरट क्षार बाहेर येतो, तेव्हा काम झाल्यावर अनेक पाण्यांतून उकळून काढणाऱ्याकडेच द्या, आणि मुठी काढल्याशिवाय कुठलीही वस्तू हौदात जाऊ देऊ नका. खरी ड्रेसरची वस्तू असेल तर मूळ मुलामा, झिजलेला असला तरी, तसाच ठेवा. नवा थर दिला की बाजारात भाव पडतो आणि कडांची धारही जाते. घरी बॅटरी लावून सायनाइडचं द्रावण करून बघण्याचा विचारही करू नका.

ठेवताना धुतलेल्या मलमलच्या किंवा सुती कापडात गुंडाळा. लोकरीत, वर्तमानपत्रात नको. काटे रबरबँडने बांधून ठेवले की रबरातल्या गंधकाने प्रत्येकाच्या मानेवर काळी पट्टी उमटते, आणि ती कित्येकदा मुलाम्याच्या आरपार गेलेली असते.